प्लेट १२ ची, मशीन म्हणतंय खोली १४: अँगल बीमची भूमिती जॉबवर कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा आलाय. मुलगा नुकताच यूटी (अल्ट्रासॉनिक टेस्टिंग, म्हणजे आवाजाच्या लाटांनी धातूच्या आतला दोष शोधणं) लेव्हल टू झालाय, १२ मिमीच्या प्लेटचा बट वेल्ड (दोन प्लेट टोकाला टोक जोडलेल्या), सिंगल व्ही (खाच फक्त वरून), ७० चा प्रोब (उभ्या रेषेशी ७० अंशानी तिरका आवाज सोडणारा) लावला आणि मशीनवर डेप्थ १४ दिसते. सिनियर म्हणाला रूट (वेल्डचा तळ) आहे सोड, क्लायंटचा माणूस म्हणाला डिफेक्ट आहे लिही. आणि त्याचा दुसरा प्रश्न, की पातळ जॉबला ७० आणि जाड जॉबला ४५ असं टेबल क्लासमध्ये पाठ करून घेतलं पण कारण कुणी सांगितलं नाही.

भावा, पहिल्यांदा हे सांगतो की तुझा सिनियर आणि तो क्लायंटवाला दोघंही बरोबर असू शकतात, आणि फक्त १४ या आकड्यावरून देव आला तरी सांगू शकणार नाही कोण बरोबर ते. प्लेट १२ ची आहे तर १४ वर स्टीलच नाही, म्हणजे बीम एकतर खाली आपटून वर निघालाय आणि वरच्या प्रवासात काहीतरी लागलंय, नाहीतर रूटचं पेनिट्रेशन (तळातून बाहेर आलेला वेल्डचा धातू, तीच रूट बीड) २ मिमी खाली लोंबतंय आणि बीम त्याच्यात घुसून परत आलाय. पहिल्या केसमध्ये खरी खोली दोन गुणिले १२ वजा १४ म्हणजे १० मिमी, आणि ते बहुतेक साइडवॉलचं लॅक ऑफ फ्युजन, म्हणजे खाचेच्या भिंतीला वेल्ड न चिकटणं. दुसऱ्या केसमध्ये काहीच नाही, वेल्डरनी रूट जरा सढळ हातानी मारलाय एवढंच. रिपोर्टमध्ये एक रिजेक्ट आणि एक ओके, आणि मशीनवर दोघांचा आकडा तोच!

आता यात गंमत बघ. मशीनच्या ट्रिग मेनूमध्ये (कोन आणि जाडीवरून खोली काढणारा) जाडी १२ भरली असतीस तर मशीननी स्वतःच घडी घालून डेप्थ १० दाखवली असती आणि बाजूला लेग २ (तळाला आपटल्यानंतरचा टप्पा) असं लिहिलं असतं. मग तर कुणाला शंकाच आली नसती, सगळे म्हणाले असते १० मिमीवर डिफेक्ट आहे. मशीनला रूट बीड म्हणजे काय ते माहीत नाही रे. त्याच्या डोक्यात दोन समांतर रेषा आहेत, वरची आणि खालची, आणि बीम त्यांच्यात कॅरमच्या सोंगटीसारखा कुशनला आपटत जातो एवढंच. २ मिमी खाली लोंबणारी बीड त्याला १० मिमी खोलीवर वेल्डच्या आत दिसणार. म्हणून मी नवीन पोरांना सांगतो की पहिले सहा महिने जाडी भरू नका, उघडी खोली वाचा आणि घडी स्वतःच्या डोक्यात घाला.

घडी म्हणजे काय ते नीट सांगतो कारण सगळं तिथेच आहे. ट्रेसिंग पेपर घे, त्याच्यावर तुझा वेल्ड खऱ्या मापात काढ, एकास एक. वरची रेषा, १२ मिमीवर खालची रेषा, रूट गॅप ३, बेव्हल (प्लेटच्या कडेचा उतार) प्रत्येक बाजूला ३० अंश, वर कॅप (वेल्डचा वर फुगलेला भाग). वरती गॅप साधारण १७ मिमी होतो, कॅप दोन्हीकडे दीड दोन मिमी चढते म्हणजे कॅपची रुंदी २० धर. आता खालच्या रेषेवर कागदाची घडी घाल आणि तोच वेल्ड खाली उलटा गिरव. घडी उघड. आता तुझ्यासमोर एकाखाली एक दोन वेल्ड आहेत, वरचा सरळ आणि खालचा आरशातला. यात बीम कुठेच वळत नाही, प्रोबपासून निघतो आणि सरळ रेषेत जातो, खालची रेषा ओलांडली की दुसरा लेग सुरू. स्क्रीनवरचा बीम पाथ (बीमनी कापलेलं तिरकं अंतर) त्या सरळ रेषेवर पट्टीनी मोजायचा आणि टोक कुठे पडतं ते बघायचं. मी अजूनही किचकट जॉइंट असला की हेच करतो, मशीन कितीही भारी असो.

या सरळ रेषेचं गणित शाळेतल्या काटकोन त्रिकोणाचं आहे, दहावीला जे केलं तेच. बीम पाथ गुणिले कॉस म्हणजे खोली, बीम पाथ गुणिले साइन म्हणजे पृष्ठभागावरचं आडवं अंतर. ७० साठी कॉस ०.३४२, साइन ०.९४०. तुझी १४ खोली म्हणजे बीम पाथ ४०.९ आणि आडवं अंतर ३८.५ मिमी. हा ३८.५ तू प्रश्नात लिहिलाच नाहीस आणि तोच खरा साक्षीदार आहे. खोली एकटी असली की ती दोन्ही बाजूंनी बोलते, आडवं अंतर विचारलं की गप्प बसते.

बघ कसं. प्रोबच्या इंडेक्स पॉइंटपासून (जिथून बीम प्रोबच्या बाहेर पडतो तो बिंदू) ३८.५ मिमी पुढे रिफ्लेक्टर, म्हणजे आवाज परतवणारी गोष्ट आहे. समजा ती रूट बीड आहे. बीड कुठली बाजू परतवते? पलीकडची, कारण अलीकडच्या बाजूवरून बीम घसरून आत जातो आणि पलीकडच्या गोलाईवर आपटतो. म्हणजे रिफ्लेक्टर सेंटरलाईनच्या दीड मिमी पलीकडे, म्हणून इंडेक्सपासून सेंटरलाईन ३७ च्या आसपास. आता समजा ते १० मिमी खोलीवरचं अलीकडच्या साइडवॉलचं लॅक ऑफ फ्युजन आहे. त्या खोलीवर साइडवॉल सेंटरलाईनपासून किती लांब? अर्धा गॅप १.५, अधिक तळापासूनची २ मिमी गुणिले टॅन ३०, म्हणजे १.१५, एकूण २.६५. ते अलीकडे, म्हणून इंडेक्सपासून सेंटरलाईन ४१ च्या थोडी पुढे. एक ३७, एक ४१. दोघांमध्ये ४ मिमीचा फरक, जो साध्या स्टीलच्या पट्टीनी मोजता येतो. अट एकच की इको सगळ्यात उंच झाला त्या जागी प्रोब थांबवून मोजायचं, आणि सेंटरलाईन खरोखर कुठे आहे ते माहीत पाहिजे.

आणि इथेच बहुतेक जणांची वाट लागते. वेल्ड झाल्यावर कॅपकडे बघून सेंटरलाईन ठरवतात. अरे कॅप कधीच मध्यावर नसते! वेल्डर ज्या बाजूला उभा असतो तिकडे कॅप सरकलेली असते, २ मिमी, कधी ३ मिमी, म्हणजे आपला चारचा फरक जवळपास संपलाच. म्हणून फिटअपच्या वेळीच (वेल्डच्या आधी प्लेट जुळवताना) जाऊन दोन्ही प्लेटवर रूटच्या कडेपासून बरोबर १०० मिमीवर पंच मारून घ्यायचे. फिटर कुरकुर करतो, चहा पाजला की करून देतो. वेल्ड झाल्यावर दोन पंचांच्या मधलं अंतर निम्मं केलं की सेंटरलाईन, श्रिंकेज झालं असलं तरी निम्मं हे निम्मंच. ज्या जॉबवर पंच नाहीत तिथे मी दोन्ही बाजूंनी रूटचा इको काढतो आणि त्यावरून मध्य ठरवतो, पण ते म्हणजे पावसात ओल्या काडीनी शेगडी पेटवल्यासारखं, होतं पण वेळ खातं.

दुसरी खात्री म्हणजे प्रोब बदलून बघ. ७० काढ, ६० लाव. ३० अंशाच्या बेव्हलला सरळ काटकोनात आपटायचं तर बीम ९० वजा ३० म्हणजे ६० चा लागतो. घडी उघडलेल्या कागदावर पट्टी ठेवून बघ, खालच्या आरशातल्या वेल्डची अलीकडची भिंत ६० च्या रेषेला बरोबर काटकोनात येते. ७० चा बीम तिला १० अंश तिरका लागतो आणि बराचसा आवाज दुसरीकडे निघून जातो. म्हणून १० मिमीवर खरंच फ्युजन नसेल तर ६० नी तोच इको उडी मारून वर येणार, प्रोब सेंटरलाईनपासून साधारण २७ वर असताना, बीम पाथ २८ वर. बीड असेल तर ती २३ च्या आसपास दिसेल आणि इको तसाच लुळा पडलेला असेल. दोन प्रोब आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतायत असं झालं की मग सही करायला हात थरथरत नाही. आणि विरुद्ध बाजूनीही बघ. बीड दोन्हीकडून दिसते आणि दोन्हीकडून मध्याच्या पलीकडेच प्लॉट होते, म्हणजे कागदावरच्या दोन खुणा एकमेकींना ओलांडून जातात. एलओपी (लॅक ऑफ पेनिट्रेशन, म्हणजे वेल्ड तळापर्यंत न पोचणं) असेल तर बीम पाथ जाडी भागिले कॉस एवढाच येतो, इथे ३५.१, आणि दोन्हीकडून आपापल्या अलीकडच्या बाजूला प्लॉट होतो. फक्त एकाच बाजूनी ३५ ला दणदणीत इको आणि दुसऱ्या बाजूनी काहीच नाही असं दिसलं तर आधी हाय लो बघ, म्हणजे एका प्लेटचा तळ खाली उतरलाय, त्या उतरलेल्या प्लेटवरून पायरी कोपऱ्यासारखी चमकते आणि पलीकडून दिसत नाही.

आता कोणता प्रोब कधी, त्याचं कारण. क्लासमध्ये जाडीचं टेबल देतात, पण खरं कारण कॅप आहे. तुझ्या १२ च्या प्लेटवर ४५ चा प्रोब घे. हाफ स्किप (बीम तळाला लागतो तिथपर्यंतचं आडवं अंतर) म्हणजे जाडी गुणिले टॅन, टॅन ४५ एक, म्हणजे १२ मिमी. रूट बघायचं तर इंडेक्स पॉइंट सेंटरलाईनपासून १२ वर आला पाहिजे. पण अर्धी कॅपच १० मिमीची, आणि प्रोबच्या नाकापासून इंडेक्सपर्यंत अजून १० मिमी, म्हणजे सगळ्यात जवळ आलास तरी तू २० वर. ४५ पहिल्या लेगमध्ये रूटपर्यंत पोचतच नाही, नाक कॅपला अडतं. ६० चं हाफ स्किप २०.८, म्हणजे कसंबसं, नाक कॅपला घासत, स्पॅटर (वेल्डचे उडालेले थेंब) असेल तर तेही नाही. ७० चं ३३, आरामात. एवढंच कारण. क्लायंटनी कॅप ग्राइंड करून फ्लश करून दिली तर मी १२ च्या प्लेटवर सुद्धा ४५ लावतो, टेबल गेलं उडत.

जाड जॉबला उलटं. ४० च्या प्लेटला ७० लावलास तर हाफ स्किपचा बीम पाथच ११७ मिमी, फुल स्किपचा (तळाला आपटून परत वर येईपर्यंतचा) २३४, आणि आडवं २२० मिमी मागे जावं लागतं. एवढ्या लांब बीम पसरतो, मऊ होतो, आणि एक अंश चूक झाली की टोक कुठच्या कुठे. तिथे ४५ चं हाफ स्किप ४० आणि बीम पाथ ५६.६. कॅप समजा ५३ ची, अर्धी साडेसव्वीस, नाक १०, म्हणजे साडेछत्तीस, ४० च्या आत बसतं. अर्थात ४० च्या प्लेटला सहसा डबल व्ही (खाच वरून आणि खालून दोन्हीकडे) असतो आणि त्याची एक वेगळीच कटकट आहे. मधला लँड (खाच न केलेली कड) उभा असतो, प्लेटच्या बरोबर पोटात, आणि उभ्या गुळगुळीत भिंतीवर कुठलाही तिरका बीम आपटला की पुढे निघून जातो, परत प्रोबकडे येतच नाही. तळाशी असता तर कोपऱ्यानी परतवला असता, पोटात कोपरा कुठून आणणार. त्याला टँडम करावं लागतं, एक ४५ चा सोडतो आणि मागचा ४५ चा तळावरून आलेला पकडतो. मध्यावरचं एलओपी एका प्रोबनी न दिसणं म्हणजे तिथे काही नाही असं अजिबात नाही, हे मी स्वतः उशिरा शिकलो.

कोपऱ्याचं निघालंच आहे तर ६० बद्दल एक सांगतो. तळाला उघडणारी उभी क्रॅक किंवा एलओपी ६० नी शोधू नकोस. बीम तळावर आपटून उभ्या भिंतीवर जातो तेव्हा भिंतीशी त्याचा आपाताचा कोन ९० वजा ६० म्हणजे ३० होतो, आणि स्टीलमध्ये शिअर वेव्ह (आडव्या कंपनाची लाट, अँगल प्रोब हीच सोडतो) ३३ अंशाच्या आत आपटली की तिचा मोठा हिस्सा लाँगिट्युडिनल (पुढेमागे कंपनाची लाट) होऊन भलत्याच दिशेनी पळून जातो. ४५ ला हा कोन ४५ येतो, म्हणजे ३३ च्या बाहेर, सगळा आवाज परत. ७० ला २० येतो, तिथेही थोडी गळती असते पण ६० एवढी नाही. म्हणजे साइडवॉलला ६० राजा आणि रूटला तोच ६० भिकारी. आणि हे ६० राजा प्रकरण सुद्धा बेव्हल ३० असेल तरच! पायपिंगमध्ये बेव्हल बऱ्याचदा साडेसदतीस अंशाचा असतो, म्हणजे काटकोनाला साडेबावन्नचा बीम पाहिजे, जो कुणाकडेच नसतो. ४५ आणि ६० दोन्ही साडेसात साडेसात अंशानी चुकतात, म्हणून तिथे दोन्हींनी स्कॅन करायचं. वेल्ड प्रेपचं ड्रॉइंग न बघता प्रोब उचलणारा माणूस मला आवडत नाही, स्पष्टच सांगतो.

आता प्रोबवर लिहिलेल्या कोनाविषयी. ७० जे छापलंय ते स्टीलमधलं आहे, वेजच्या (प्रोबखालच्या प्लास्टिकच्या पाचरीच्या) आतलं नाही. पर्स्पेक्समध्ये, म्हणजे त्या प्लास्टिकमध्ये, आवाज सेकंदाला सुमारे २७३० मीटर जातो, स्टीलमध्ये शिअर ३२४० च्या आसपास, त्यामुळे सीमेवर तो वळतो, पाण्यात काठी वाकडी दिसते तसा. आत वेजमध्ये कोन साधारण ५२ असतो तेव्हा स्टीलमध्ये ७० निघतो. ४५ साठी वेजमध्ये साडेछत्तीस, ६० साठी ४७ च्या जवळ. सगळे साडेसत्तावीस आणि साडेसत्तावन्नच्या मध्ये आहेत बघ, हे दोन क्रिटिकल अँगल, पहिल्याच्या खाली गेलास तर स्टीलमध्ये दोन दोन वेव्ह फिरतात आणि दुसऱ्याच्या वर गेलास तर शिअर आत जातच नाही, पृष्ठभागावरून पळते. आणि मटेरियल बदललं की कोन बदलला. तोच ७० चा प्रोब अॅल्युमिनियमवर ठेवला की ६५ चा होतो, कारण तिथे शिअरचा वेग ३१३० च्या आसपास. एकाने अॅल्युमिनियमच्या जॉबवर ७० भरून दिवसभर काम केलेलं मी पाहिलंय. सगळ्या खोल्या कमी लिहिलेल्या, सगळा दिवस पाण्यात.

स्टीलवर सुद्धा ७० हा ७० च असतो असं नाही. दोन अंश इकडेतिकडे चालतं असं मानतात, पण ते दोन अंश किती महाग पडतात ते बघ. तुझाच रूटचा ३५.१ चा बीम पाथ घे. ७० धरला तर खोली १२.०. प्रोब खरा ६८ चा असेल तर खरी खोली १३.१, आणि ७२ चा असेल तर १०.८. म्हणजे फक्त प्रोबच्या कोनापायी बीडचं एलओपी आणि एलओपीची बीड. ४५ च्या प्रोबला तेच दोन अंश एवढ्या खोलीवर फक्त ०.४ मिमी सरकवतात. म्हणून रोज सकाळी व्ही वन ब्लॉक (कॅलिब्रेशनचा ठरलेल्या मापाचा स्टीलचा ठोकळा) काढायचा, १०० च्या रेडियसवर इको मॅक्स करून इंडेक्स पॉइंटची खूण प्रोबवर करायची, मग त्या ५० मिमीच्या पर्स्पेक्सवाल्या भोकावरून खरा कोन वाचायचा, आणि मशीनमध्ये ७० नाही तर जे निघालं ते भरायचं, ६९ तर ६९, ७१.५ तर ७१.५. प्रोबचं नाक जास्त झिजलं की प्रोब पुढे झुकतो आणि कोन कमी होतो, टाच झिजली की वाढतो. खरखरीत प्लेटवर दिवसभर घासलास तर संध्याकाळी परत बघ. रेंज व्ही टू वर (दुसरा, छोटा कॅलिब्रेशन ब्लॉक) लावतोस ना? २५ च्या रेडियसकडे तोंड केलं की इको २५, १०० आणि १७५ ला येतात, ५० कडे केलं की ५०, १२५, २००. नवीन पोरं २५, ५०, ७५ शोधत बसतात आणि ब्लॉकला शिव्या घालतात.

उन्हाचं तर कुणी बोलतच नाही. पर्स्पेक्स गरम झालं की त्यातला वेग कमी होतो आणि स्टीलमधला कोन वाढतो, आणि हा परिणाम ७० ला सगळ्यात जास्त. वेग एक टक्का बदलला की ४५ चा प्रोब अर्धा अंश सरकतो आणि ७० चा दीड अंश. एक टक्का व्हायला साधारण दहा अंश तापमान पुरतं. सकाळी एसी ऑफिसात २४ डिग्रीला कॅलिब्रेशन, आणि दुपारी एप्रिल महिन्यात उघड्यावर पडलेल्या पायपावर, ज्याला हात लावला तर चटका बसतो! ब्लॉक जॉबवर ठेव, अर्धा तास तिथेच तापू दे, मग कॅलिब्रेट कर. आपल्याकडे विदर्भात काय आणि तिकडे गल्फमध्ये काय, हा प्रॉब्लेम सारखाच आहे.

जाडीचं एक अनुभवाचं सांगतो, नाव कुणाचं घेत नाही. एका शटडाऊनला आठ इंची शेड्यूल ८० (पायपाच्या जाडीचा वर्ग) च्या लाईनचे जॉइंट होते, आयसोमेट्रिक ड्रॉइंगवर जाडी १२.७. मी ७० नी बघत होतो, एका जॉइंटला जवळपास अर्ध्या परिघावर बीम पाथ ३७ च्या आसपास इको. ३७.१ गुणिले ०.३४२, १२.७ बरोबर. अगदी काट्यावर रूटचा कोपरा. मी एलओपी लिहिलं आणि छाती काढून सांगितलं. रात्री गॉजिंग (वेल्ड खोदून काढणं) झालं, रूटपर्यंत उघडला, आणि आत सुंदर, गुळगुळीत, भरलेला रूट. वेल्डर माझ्याकडे नुसता बघत होता, बोलला काहीच नाही, ते जास्त लागलं. मग मी नॉर्मल प्रोब (सरळ खाली आवाज सोडणारा) लावून पायपाची जाडी घेतली, ११.४. सीमलेस पायपाला मिलचं टॉलरन्स साडेबारा टक्के खाली चालतं, म्हणजे १२.७ चा पायप ११.१ पर्यंत आला तरी तो पास आहे. ११.४ ची जाडी आणि १२.७ चा इको, म्हणजे १.३ मिमी खाली लोंबणारी साधी बीड. ड्रॉइंगची जाडी वापरली म्हणून एक चांगला जॉइंट फाडला. त्या दिवसापासून वेल्डच्या दोन्ही बाजूंना, चार जागी जाडी घेतल्याशिवाय मी अँगल प्रोब पिशवीतून काढत नाही.

आणि नॉर्मल प्रोब लावलाच आहेस तर तेवढ्यात पूर्ण पट्टा लॅमिनेशनसाठी (प्लेटच्या पोटातली आडवी फट) बघून घे, जिथून अँगल बीम जाणार आहे तेवढा. २० च्या प्लेटमध्ये १० वर लॅमिनेशन असेल तर बीम तिथूनच वर वळतो, तुला वाटतं पहिला लेग चालू आहे, आणि तो कॅप बघून आलेला असतो. तुझ्या जॉबवर ७० साठी हा पट्टा किती लागेल? फुल स्किप ६६, अर्धी कॅप १०, म्हणजे इंडेक्स सेंटरलाईनपासून २० ते ७६ असा फिरणार, आणि मागे प्रोबचं बूड धरून ९० मिमीपर्यंत प्लेट साफ पाहिजे. स्पॅटर काढून, रंग खरवडून. पेंटर आधी येऊन गेला असेल तर जरा भांडायची तयारी ठेव.

कॅपचा इको फुल स्किपला, म्हणजे बीम पाथ ७० मिमीच्या आसपास येणार, त्याला घाबरायचं नाही. बोट ग्रीसमध्ये बुडव आणि कॅपच्या कडेवर दाबत दाबत फिरव. बोट बरोबर जागी आलं की स्क्रीनवरचा इको मान टाकतो, बोट उचललं की परत उभा राहतो. इको हलला नाही तर तो कॅपचा नाही, मग प्लॉट करायला बस. माझ्या हाताखालच्या एका पोरानी पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्याला जादू केल्यासारखं वाटलं होतं, पाच मिनिटं नुसता बोट लावून काढत होता.

एक छोटी गोष्ट मशीनची. गेट (स्क्रीनवर इको पकडणारी पट्टी) फ्लँकवर (इकोच्या चढावर) आहे की पीकवर (शेंड्यावर) ते बघून घे. फ्लँकवर असेल तर गेट इकोच्या अंगावर जिथे कापतो तिथला पाथ वाचतो, आणि इको उंच झाला की तो आकडा मागे सरकतो, अर्धा ते एक मिमी सहज. कॅलिब्रेशन ज्यावर केलं त्यावरच वाच, मध्येच बदलू नको.

वरचं सगळं सपाट प्लेट आणि पायपाच्या गोल सांध्याला लागू आहे, कारण तिथे बीम पायपाच्या लांबीत चालतो. लांबीच्या सीमला गेलास की भूमिती बदलते. तिथे बीम गोलाईत चालतो आणि तळाला लागेलच असं नाही. ४५ चा बीम आतल्या भिंतीला लागायला जाडी भागिले बाहेरचा व्यास ०.१४६ च्या आत पाहिजे, ६० ला ०.०६७, आणि ७० ला फक्त ०.०३. तो वरचा आठ इंची पायप, १२.७ भागिले २१९, ०.०५८. म्हणजे ६० कसाबसा तळ चाटून जातो आणि ७० तळाला न शिवता वरूनच निघून जातो, तू रूट शोधतोयस आणि बीम तिथे गेलाच नाही. आणि स्टेनलेसचा वेल्ड असेल तर हे त्रिकोण विसर, मोठ्या दाण्यांमध्ये शिअर वेव्ह वाकडीतिकडी जाते, तिथे रिफ्रॅक्टेड लाँगिट्युडिनलचे प्रोब लागतात आणि तो वेगळाच विषय आहे, परत कधीतरी.

तुझ्या जॉबचं आता असं कर. आधी दोन्ही प्लेटची जाडी घे, प्रोबचा खरा कोन काढ, मग तो १४ वाला इको मॅक्स कर आणि इंडेक्सपासून सेंटरलाईन मोज. पंच नसतील तर दोन्हीकडून रूट काढून मध्य ठरव. मग ६० लावून परत बघ. ३७ येतंय की ४१, आणि ६० नी इको वाढला की पडला, एवढं कळव. सोबत कॅपची रुंदी पण लिही, आणि बेव्हल खरंच ३० चा होता का ते फिटरला विचार, ड्रॉइंगला नको.